रनिंग फूट आणि स्क्वेअर फूट: परिमिती, क्षेत्रफळ आणि आकृतिबंध हाताने कसे शिकवावेत

मुंबईतल्या मुलाच्या कानावर 'स्क्वेअर फूट' हा शब्द शाळेत जायच्या आधीपासून पडत असतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, पुनर्विकासात मिळणारं घर ५०० चौरस फुटांचं, हे आकडे घरोघरी बोलले जातात. घरात लादीचं काम निघालं की कारागीर आणखी एक माप बोलतो. लादी बसवायचा भाव स्क्वेअर फुटावर, भिंतीलगतच्या स्कर्टिंगचा भाव रनिंग फुटावर. म्हणजे क्षेत्रफळ आणि परिमिती ही दोन्ही मापं मुलाच्या पायाखालीच आहेत. तरीही चौथी-पाचवीत सगळ्यात जास्त घोटाळा याच दोन शब्दांत होतो.

कारण साधं आहे. दोन्ही मापं एकाच आयताची, दोन्हींना लांबी-रुंदीच लागते आणि दोन्ही सूत्रं लागोपाठ शिकवली जातात. मग मूल विचारतं, "बाई, इथे गुणायचं की बेरीज करायची?" हा प्रश्न आला की समजावं, सूत्र पुढे गेलं आणि वस्तू मागे राहिली. खाली दिलेल्या कृती तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी आहेत. त्यात सूत्र शेवटी येतं, आणि तेही मुलांच्या तोंडून. यात वेळ जास्त जातो हे खरं, पण तो पुढे भरून निघतो. ज्या मुलाने चौरस मांडून क्षेत्रफळ पाहिलं आहे, त्याला सातवी-आठवीत बीजगणिताच्या विस्ताराची सूत्रं परकी वाटत नाहीत.

सामान

चाळीस मुलांचा वर्ग धरला, तर चौघांचा एक असे दहा गट होतात. प्रत्येक गटाला पुठ्ठ्याचे ५ सेंमी बाजूचे ३६ चौरस, सव्वा मीटर सुतळी, सारख्या लांबीच्या ४० काड्या, ६० चिंचोके आणि एक खडू द्यावा. चौरस ३६ अशासाठी की १२, २४ आणि ३६ या तिन्ही संख्यांचे बरेच वेगवेगळे आयत होतात.

चौरस कागदाचे करू नयेत. वर्गातला पंखा ते पहिल्या मिनिटाला उडवतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत कागदाच्या कडा वळतात. पंखा बंद ठेवून चाळीस मुलांना शिकवणं मुंबईत शक्य नाही. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला, ताठ असतो आणि फुकट मिळतो. ३० × २० सेंमीच्या तुकड्यातून २४ चौरस निघतात, त्यामुळे सगळ्या वर्गासाठी असे १५ तुकडे पुरतात.

कापताना एक चूक हमखास होते. कापलेला चौरस दुसऱ्यासाठी साचा म्हणून वापरला, मग दुसरा तिसऱ्यासाठी, असं करत गेलं की पेन्सिलीच्या रेघेची जाडी दरवेळी वाढत जाते. प्रत्येक चौरस फक्त २ मिमी मोठा झाला तरी बारा चौरसांच्या रांगेत २४ मिमी वाढतात. मूल पट्टीने मोजतं, ६० च्या जागी ६२.४ सेंमी येतात आणि त्याचा मापावरचा विश्वासच उडतो. म्हणून पुठ्ठ्याच्या समोरासमोरच्या दोन्ही कडांवर ५-५ सेंमीवर खुणा करून त्या पट्टीने जोडाव्यात, आणि मगच कापावं.

काड्या आइस्क्रीमच्या असल्या तर उत्तम. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक दुकानांत त्या पुड्याने मिळतात. काडेपेटीच्या काड्या चालतील, पण गुल आधी मोठ्यांनी काढून टाकावा. सुतळीच्या जागी लोकर घेऊ नये. ती ताणली जाते, आणि एकाच आयताची परिमिती प्रत्येक गटाची वेगळी येते.

आधी फरशीवर

वर्गातली लादी हाच पहिला चौरस. पण ती एक फुटाची आहे असं गृहीत धरू नका, मुलांकडून मोजून घ्या. जुन्या इमारतींतली मोझॅक लादी कुठे दहा इंची असते, कुठे बारा इंची. नव्या बांधकामात जिला 'दोन बाय दोन' म्हणतात ती बहुधा ६० सेंमीची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०.९६ सेंमी. एका लादीला हा फरक जाणवत नाही, पण दहा लाद्यांच्या रांगेत साडेनऊ सेंमीहून जास्त तूट येते. मोजताना पट्टीचं शून्य कुठे आहे तेही दाखवावं. बऱ्याच पट्ट्यांवर ते टोकापासून जरा आत असतं, आणि शिंप्याच्या टेपवर टोकाच्या पत्र्यापासूनच माप सुरू होतं.

आता लाद्यांच्या सांध्यांवरून खडूने ३ × ५ लाद्यांचा आयत आखा. एका मुलाने रेघेवरून चालत प्रत्येक लादीची कड मोठ्याने मोजायची. दुसऱ्याने आतल्या प्रत्येक लादीवर एक चिंचोका ठेवायचा. चालणारा १६ वर थांबतो, चिंचोके १५ लागतात. इथे नुसतं "सोळा" किंवा "पंधरा" हे उत्तर घेऊ नका. "सोळा कडा", "पंधरा लाद्या" असंच म्हणायला लावा. पुढे सेंटिमीटर आणि चौरस सेंटिमीटर हा फरक याच बोलण्यातून पक्का होतो. स्कर्टिंग कोणत्या आकड्याने विकत आणायचं आणि लादी कोणत्या, हेही लगेच विचारून घ्यावं. स्कर्टिंगमधून दाराची रुंदी वजा होते, हे एखादं मूल स्वतःहून सांगतं. १० × १२ फुटांच्या खोलीला तीन फुटांचं एक दार असेल, तर लादी १२० चौरस फूट लागते आणि स्कर्टिंग ४४ उणे ३, म्हणजे ४१ रनिंग फूट.

पहिल्या दिवशी ४ × ४ किंवा ३ × ६ चा आयत आखू नका. पहिल्याची परिमिती १६ आणि क्षेत्रफळही १६. दुसऱ्याचे दोन्ही आकडे १८. दोन मापं वेगळी आहेत हे दाखवायला निघालो आणि आकडे सारखेच आले, तर गोंधळ वाढतो. पूर्ण संख्यांच्या बाजू असलेले असे आयत एवढे दोनच आहेत. ते नंतर कोडं म्हणून ठेवावेत: "कोणत्या आयताचे दोन्ही आकडे सारखे येतात, शोधा."

या कृतीतली सगळ्यात मोठी चूक अशी. मूल रेघेवरून न चालता आतून, कडेच्या लाद्यांवरून चालतं आणि लाद्याच मोजतं. ३ × ५ मध्ये त्याला १२ मिळतात. त्याला "चूक" म्हणून थांबवू नका. खडू देऊन प्रत्येक बाहेरच्या कडेवर एक खूण करायला सांगा. कोपऱ्यातल्या लादीवर दोन खुणा पडतात आणि मुलाने ती एकदाच मोजलेली असते. कोपरे चार, म्हणून चार कमी. ४ × ६ घ्या, ५ × ७ घ्या, कडेच्या लाद्या परिमितीपेक्षा नेहमी चारनेच कमी येतात. अपवाद फक्त एकाच लादीच्या रुंदीच्या पट्टीचा. असं का, हे पाचवीची मुलं पुठ्ठ्याचे चौरस हातात घेऊन सांगू शकतात.

याचंच भावंड म्हणजे ठिपके मोजण्याची चूक. ठिपक्यांच्या कागदावर पाच ठिपक्यांची रेघ मूल ५ एकक लांब म्हणतं, पण ठिपक्यांमधली अंतरं चारच असतात. इथे पश्चिम रेल्वे कामी येते. दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे ही स्टेशनं चार, पण दादरला चढून वांद्र्याला उतरणाऱ्याची गाडी तीनदाच एका स्टेशनातून पुढच्या स्टेशनात जाते.

चोवीस चौरस, मग एक कमी

प्रत्येक गटाने २४ चौरस घ्यावेत आणि सगळे वापरून होतील तेवढे आयत मांडावेत. चारच निघतात: १ × २४, २ × १२, ३ × ८ आणि ४ × ६. परिमिती अनुक्रमे ५०, २८, २२ आणि २०. बेंचवर १ × २४ ची रांग मावत नाही, १२० सेंमी होते. तो आयत जमिनीवर मांडावा. क्षेत्रफळ बदललेलं नाही, परिमिती मात्र ५० वरून २० वर आली, आणि आयत जितका चौरसाच्या जवळ जातो तितकी ती घटते, हे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना बोलू द्या.

उलट कृती सुतळीची. सुतळी ६६ सेंमी कापून, दोन्ही टोकांना तीन-तीन सेंमी गाठीत घालवून ६० सेंमीचा फास करावा. गाठ बांधल्यावर एकदा ताणून मोजावी, कारण गाठीत किती जाईल ते हातावर अवलंबून असतं. ५ सेंमीच्या चौरसांभोवती हा फास १ × ५, २ × ४ आणि ३ × ३ या तीन आयतांना घट्ट बसतो. परिमिती तीच, बारा कडा, पण आत चौरस मावतात ५, ८ आणि ९. जुन्या इमारतींच्या लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा असतो, त्याचीही आठवण इथे करून द्यावी. दरवाजा दाबला की पट्ट्यांची लांबी तेवढीच राहते, पण मधली भोकं चिंचोळी होत मिटतात.

यानंतरची कृती घाईत उरकू नये. पाठ जमला की नाही, ते इथे कळतं. ३ × ४ चा आयत मांडा. क्षेत्रफळ १२, परिमिती १४. आता विचारा, "एक चौरस काढला तर परिमिती किती होईल?" जवळजवळ सगळा वर्ग "कमी होईल" म्हणतो. आधी हे बोलून घ्या आणि फळ्यावर लिहा, मग काढायला सांगा.

कोपऱ्यातला चौरस काढला. क्षेत्रफळ ११. मुलं बोट फिरवून मोजतात, परिमिती १४ च येते. पुन्हा मोजतात, पुन्हा १४. त्या कोपऱ्यावर बोट ठेवायला सांगा. काढलेल्या चौरसाच्या दोन कडा बाहेरच्या होत्या, त्या गेल्या. त्याच्या शेजारच्या दोन चौरसांच्या आतल्या कडा उघड्या पडल्या, त्या आल्या. दोन गेल्या, दोन आल्या.

तो चौरस परत ठेवा आणि कडेच्या मधला एक काढा. आता क्षेत्रफळ ११ आणि परिमिती १६. चौरस कमी झाला आणि परिमिती वाढली. एक कड गेली, खाचेच्या तीन कडा आल्या.

आता तोही परत ठेवून पोटातला एक काढा. भोक पडलं. बाहेरून चालणाऱ्याला अजूनही १४ च कडा लागतात, पण भोकाला आतून चार कडा आहेत. त्या धरायच्या का? यावर वर्गात वाद होऊ द्या. मधे चौक असलेल्या चाळीला बाहेरून रंग द्यायचा असेल, तर चौकाकडच्या भिंती सोडून चालेल का, एवढाच प्रश्न विचारावा. आकृतीच्या सगळ्या कडा मोजायच्या तर परिमिती १८. "परिमिती मोठी म्हणजे क्षेत्रफळ मोठं" हा समज नुसत्या तोंडी सांगण्याने जात नाही. या तीन चौरसांनी जातो.

हाच फरक चालून अनुभवायचा तर शिवाजी पार्क आहेच. कट्ट्यालगत सकाळी फेऱ्या मारणारे परिमिती चालतात, एक फेरी किलोमीटरपेक्षा थोडी जास्त. मधे एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव मांडले जातात, ते क्षेत्रफळावर.

एका चौरस फुटात किती चौरस इंच?

वर्तमानपत्रातून बरोबर १२ × १२ इंचांचा चौरस कापा आणि विचारा. बहुतेक मुलं "बारा" म्हणतील, मोठी माणसंही म्हणतात. मग एका कडेला एक इंचाचे बारा चौरस आखून घ्या. ती झाली एक रांग. अशा रांगा किती? बारा. उत्तर १४४. चौरस मीटरचंही असंच करावं. १०० सेंमीच्या बाजूत १०० रांगा, म्हणून १०,००० चौरस सेंमी. एक मीटरचा चौरस चार-सहा वर्तमानपत्रं चिकटवून एकदा तरी बनवून भिंतीवर टांगावा. मुलांच्या अंदाजापेक्षा तो बराच मोठा निघतो.

'दोन बाय दोन'च्या लादीखाली 'एक बाय एक'च्या किती लाद्या झाकल्या जातील, हा पुढचा प्रश्न. उत्तर दोन नसून चार आहे. बाजू दुप्पट झाली की परिमिती दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट. २ × ३ आणि ४ × ६ चौरसांनी तपासून घ्यावं: परिमिती १० ची २०, क्षेत्रफळ ६ चे २४.

आता शाळेच्या मैदानात किंवा गच्चीवर खडूने १० × १६ फुटांचा आयत आखा, म्हणजे १६० चौरस फूट. नुसत्या टेपने आखला तर तो हमखास तिरका होतो. कोपरा काटकोनात आणायला गवंड्याची रीत वापरा. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या बाजूवर ४ फुटांवर खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत बाजू सरकवा. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, साधारण १८ फूट १० इंच आले पाहिजेत. कर्ण वेगळे आले तर आयत पुसून पुन्हा आखावा, कारण तिरक्या आकृतीत परिमिती ५२ फूटच दाखवते, पण आतली जागा १६० भरत नाही.

शेजारी ८ × २० चा दुसरा आयत आखा. क्षेत्रफळ तेच, परिमिती ५६. जागा असेल तर २० × २५, म्हणजे ५०० चौरस फुटांचाही आखावा. १६० पेक्षा तो तिपटीहून मोठा, पण परिमिती ५२ ची ९०, दुप्पटसुद्धा नाही. मुलांना आत झोपून, बसून, चटई टाकून पाहू द्या.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. "आपापल्या घराचं क्षेत्रफळ मोजून आणा" हा गृहपाठ देऊ नये. एकाच बाकावर दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणारं मूल असतं आणि तीन खोल्यांच्या फ्लॅटमधलंही असतं. दुसऱ्या दिवशी आकडे मोठ्याने वाचले जातात आणि एखादं मूल गप्प होतं. गणित त्याच्या घराची तुलना करायला आलेलं नाही. घरी मोजायला टेबल, उशी, वर्तमानपत्राचं पान किंवा कॅरमचा बोर्ड द्यावा.

गावी शेत असणाऱ्यांच्या घरी गुंठ्याची भाषा असते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ही संख्या विचित्र वाटते, पण ३३ × ३३ करून पाहायला सांगा. ३३ फुटांचा चौरस बरोबर एक गुंठा भरतो, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर.

आकृतिबंध: पुढची संख्या पुरेशी नाही

आकृतिबंध शिकवताना "४, ७, १०, १३... पुढे काय?" एवढंच विचारलं जातं. मूल तीन मिळवून १६ सांगतं आणि पाठ संपतो. खरा प्रश्न शंभराव्या आकृतीचा. शंभरावी आकृती मांडून पाहता येत नाही, म्हणून तिची रचना डोळ्यांना दिसावी लागते.

काड्यांनी एक चौकोन करा: ४ काड्या. त्याला चिकटून दुसरा: ७. तिसरा: १०. दहा चौकोनांना किती? "चाळीस" हे उत्तर येतं, कारण सामायिक काडी दोनदा मोजली जाते. पहिली उभी काडी जरा बाजूला सरकवून ठेवा. मग प्रत्येक चौकोनाला तीनच काड्या उरतात, आणि शेवटी ती एकटी. दहा चौकोनांना ३१, शंभरांना ३०१.

तुळशी वृंदावनाची कृती याहून सरस आहे, कारण तिची उत्तरं एकाहून जास्त वाटांनी येतात. एका चौरसाचं वृंदावन, भोवती एक पदर लाद्यांचा: ८ लाद्या. २ × २ चं वृंदावन: १२. ३ × ३ ला १६. दहा बाय दहाला किती, हे विचारून गटांना वेगवेगळं बसवा. कोणी म्हणतं, चार बाजूंना दहा-दहा आणि चार कोपरे, ४४. कोणी म्हणतं, बाहेरची बाजू बारा, बारा चोक अठ्ठेचाळीस, पण कोपरे दोनदा आले, चार वजा. कोणी मोठ्या चौरसातून लहान वजा करतं, १४४ उणे १००. तिन्ही वाटा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि एकही "मुख्य पद्धत" म्हणून निवडू नये.

चिंचोक्यांनी वर्गसंख्या मांडाव्यात. एक चिंचोका. त्याच्या उजवीकडे आणि खाली काटकोनात वळलेली तीन चिंचोक्यांची पट्टी, झाला २ × २ चा चौरस. मग पाचची पट्टी, मग सातची. १ + ३ + ५ + ७ = १६, म्हणजे ४ × ४. चिंचोके गोल-लांबट असल्याने सरकतात आणि पट्ट्या वाकतात. चौकटीच्या वहीवर प्रत्येक चौकटीत एक, असे ठेवले की रांगा सरळ राहतात. त्या वहीची चौकट १ सेंमीचीच असते असं नाही, काही वह्यांत ती बरीच लहान असते आणि चिंचोका मावत नाही. मग चार चौकटींची एक धरावी.

जिन्याची कृती: पुठ्ठ्याच्या चौरसांचा जिना करा, पहिल्या पायरीला १, मग २, ३, ४. एकूण १०. दुसऱ्या गटाचा तसाच जिना उलटा करून यावर बसवा. आयत होतो, ४ × ५. वीस चौरस, त्याचे निम्मे दहा. दहा पायऱ्यांना १० × ११ = ११०, निम्मे ५५. इथे क्षेत्रफळ पुन्हा कामाला आलं: बेरीज आयत होऊन बसली. जिने जुळत नसतील तर बहुधा एका गटाने एक पायरी कमी-जास्त केलेली असते.

त्रिकोणी संख्यांसाठी दहीहंडीचे थर उदाहरण म्हणून घ्यायचा मोह होतो. घेऊ नये. खालच्या थरांत गोविंदा गोलाकार उभे राहतात आणि थरांतली संख्या १, २, ३, ४ अशी वाढत नाही. हंडी प्रत्यक्ष पाहिलेलं मूल ते लगेच सांगतं.

कॅरम आणि रांगोळी

कॅरमचा डाव लावताना सोंगट्या कशा मांडतात ते प्रत्येक मुलाला माहीत असतं. मधे राणी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. एकूण १९: नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. आता विचारा, बाहेर आणखी एक पदर घातला तर किती सोंगट्या लागतील? काही मुलं दुप्पट करून "चोवीस" म्हणतात, कारण ६ चे १२ झालेले त्यांनी पाहिलेले असतात. दोन बोर्डांच्या सोंगट्या एकत्र करा, ३८ होतात. मांडत गेलं की बाहेरचा पदर १८ चा येतो, एकूण ३७, आणि एक सोंगटी हातात उरते. पदर ६, १२, १८ असे सहा-सहाने वाढतात, कारण मांडणीला सहा बाजू आहेत आणि नव्या पदरात प्रत्येक बाजूला एकच सोंगटी वाढते. सोंगट्या पावडर लावलेल्या बोर्डवर ठेवू नका, धक्क्याने सगळं निसटतं. चादरीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवा, आणि एकमेकींना घट्ट चिकटवा. फट राहिली की सातव्या-आठव्या सोंगटीपासून पदर जुळेनासा होतो.

आता हीच मांडणी ओळींनी वाचायला सांगा. १९ सोंगट्या म्हणजे ३, ४, ५, ४, ३. ३७ म्हणजे ४, ५, ६, ७, ६, ५, ४. ज्या घरी ठिपक्यांची रांगोळी काढतात त्या घरचं मूल इथे ओळखतं: ही "५ ते ३" आणि "७ ते ४" ठिपक्यांची रांगोळी आहे. पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध घ्यायचा. तो बरोबर खाली घेतला तर षटकोन होत नाही, बाजू वाकड्या जातात. उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद घरी करणार असाल, तर तो अशाच, मधोमध ठिपक्यांच्या आखणीवर करावा.

सहावीच्या मुलांना शेवटी "१३ ते ७" ची रांगोळी द्यावी. गेरूवर ठिपके देण्याआधी एकूण किती होतील ते काढायचं. ओळींनी बेरीज करता येते: ७ ते १२ पर्यंतची बेरीज ५७, तिची दुप्पट ११४, आणि मधली १३ ची ओळ. पदरांनी करायची तर मधला १, मग ६, १२, १८, २४, ३०, ३६. त्यातला ६ बाहेर काढला की आत १ ते ६ ची बेरीज उरते, म्हणजे सहा पायऱ्यांचा जिना, ६ × ७ च्या आयताचा अर्धा, २१. सहा एकवीस एकशे सव्वीस, आणि मधला एक. दोन्ही वाटांनी १२७. मग ठिपके द्यायला बसवावं, आणि प्रत्येक ओळ झाली की दुसऱ्या मुलाने ती मोजून कडेला आकडा लिहावा. एखादा ठिपका राहिला, तर कोणत्या ओळीत राहिला ते त्या आकड्यांवरूनच सापडतं, सगळी रांगोळी पुन्हा मोजावी लागत नाही.